जाळलं कोणी आणि उतरवलं कोणी

अलेक्झांड्रियाच्या ग्रंथालयाचा विषय निघाला की पुढचा वाद दोन्ही बाजूंना तोंडपाठ असतो. एक बाजू सांगते की ख्रिस्ती धर्मवेड्यांनी ग्रंथालय पेटवलं, हायपेशिया या विदुषीला ठार केलं आणि युरोपला हजार वर्षं अंधारात ढकललं. दुसरी बाजू सांगते की मठांतल्या संन्याशांनी आयुष्यभर मान मोडून नकला केल्या म्हणून व्हर्जिल आणि सिसेरो आज आपल्या हातात आहेत, तेव्हा चर्चचे आभार माना. आपल्याकडे यात लगेच नालंदा ओढलं जातं, आणि मग अलेक्झांड्रिया राहते बाजूला, एकमेकांच्या पूर्वजांची उणीदुणी तेवढी निघतात. मला या भांडणात एकच गोष्ट खटकते. दोघांनाही वाटतं की ग्रंथ मरायला मारेकरी लागतो आणि जगायला तारणहार. प्राचीन ग्रंथ जाळल्यामुळे मेले, पण थोडे. बहुतेक मेले ते कोणी पुन्हा उतरवून घेतले नाहीत म्हणून. चर्चवर खटला भरायचाच तर तो या कलमाखाली भरावा लागेल, आणि तिथे लागणारा निकाल दोन्ही पक्षांना रुचणारा नाही.

आधी अलेक्झांड्रियाच पाहू. इ.स.पू. १४५ च्या सुमाराला आठव्या टॉलेमीने विद्वानांना शहरातून पिटाळलं, आणि विद्वान गेल्यावर ग्रंथांच्या गुंडाळ्यांची निगा राखणार कोण? इ.स.पू. ४८ मध्ये ज्युलियस सीझरने बंदरातली जहाजं पेटवली, आग किनाऱ्यावर पसरली आणि पुस्तकं जळाली असं प्राचीन लेखक सांगतात. किती जळाली यावर त्यांचं एकमत नाही. इ.स. २७० नंतरच्या लढायांत, रोमन सम्राट ऑरेलियनच्या काळात, राजवाड्याचा परिसर उद्ध्वस्त झाला. ३९१ च्या सुमाराला बिशप थिओफिलसच्या पुढाकाराने सेरापिस देवाचं प्रचंड मंदिर पाडलं गेलं. या मंदिरात एके काळी ग्रंथसंग्रह होता हे खरं. पण मंदिर पडल्याच्या ज्या जुन्या हकिकती आहेत त्यांतली एकही पुस्तकं जळाल्याचं सांगत नाही. ख्रिस्ती संन्याशांवर दात ओठ खाऊन लिहिणारा युनेपियससुद्धा नाही. त्याच सुमाराला लिहिणारा बिगरख्रिस्ती इतिहासकार अमिएनस मार्सेलिनस तिथल्या संग्रहाचा उल्लेख भूतकाळात करतो. राहिली खलिफा उमरने पुस्तकं हमामखान्यांत सरपण म्हणून जाळल्याची गोष्ट. ती लिहिलेली सापडते थेट १३व्या शतकाच्या आगेमागे, म्हणजे अरबांनी शहर जिंकल्यावर जवळजवळ सहाशे वर्षांनी. इतक्या आरोपींच्या रांगेत एकालाच फाशी द्यायची घाई कशासाठी?

हायपेशियाचा खून मात्र खरा आहे आणि त्याला कुठलीही मलमपट्टी नको. ४१५ मध्ये ख्रिस्ती जमावाने तिला रथातून ओढून काढलं, चर्चमध्ये नेलं आणि खापऱ्यांनी मारून तिचे तुकडे केले. पण हे आपल्याला इतक्या तपशिलाने कोणी सांगितलं? सॉक्रेटिस स्कोलास्टिकस या ख्रिस्ती चर्च-इतिहासकाराने, आणि या कृत्यामुळे बिशप सिरिल आणि अलेक्झांड्रियाचं चर्च यांच्यावर मोठा कलंक लागला असं त्याने स्पष्ट लिहिलं. भांडण होतं सिरिल आणि प्रांताधिकारी ओरेस्टेस यांच्यात, आणि ओरेस्टेस स्वतः ख्रिस्ती होता. हायपेशियाचा लाडका शिष्य सिनेसियस पुढे बिशप झाला. तिला माता, भगिनी आणि गुरू म्हणून हाक मारणारं त्याचं पत्र आजही उपलब्ध आहे. म्हणजे सत्तेच्या साठमारीत एका विदुषीचा बळी गेला. हा गुन्हा लहान नाही. पण तिच्या मरणाला ग्रंथालयाच्या आगीशी जोडलं ते पुढच्यांनी, कारण दोन दुःखं एकाच प्रसंगात बसवली की गोष्ट चांगली रंगते.

आता आरोप करणाऱ्यांचे सगळ्यात भक्कम मुद्दे. ख्रिस्ती सम्राटांनी पुस्तकं जाळायचे हुकूम काढले, यात वाद नाही. पॉर्फिरी या तत्त्वज्ञाने ख्रिस्ती मताविरुद्ध लिहिलेला ग्रंथ ४४८ च्या फर्मानाने जाळायला काढला, आणि आज त्याचे तुकडेच काय ते उरले आहेत. जस्टिनियनने ५२९ मध्ये जुन्या धर्माच्या लोकांना शिकवायला बंदी केली आणि अथेन्समधली तत्त्वज्ञानाची परंपरा तुटली. याआधी ३०३ मध्ये डायोक्लेशनने ख्रिस्ती धर्मग्रंथ जाळले होते, ही सबब इथे चालणार नाही. छळ सोसलेल्याने सत्ता मिळाल्यावर तेच करावं, ही गोष्ट समजण्यासारखी असेल, माफ करण्यासारखी नाही. चर्चचे वकील इथे ‘तो काळच तसा होता’ म्हणून हात झटकतात. काळ तसा होता, पण त्याच काळात तसं न वागणारेही होते.

तरीही हुकूम कोणाविरुद्ध निघाले ते नीट पाहायला हवं. होमर, सॉफोक्लीज, व्हर्जिल किंवा ओव्हिड जाळा असं कुठलंही साम्राज्याचं फर्मान नव्हतं. रोख होता जादूटोण्याच्या पोथ्यांवर, पॉर्फिरीसारख्या थेट विरोधकांवर आणि सर्वांत जास्त म्हणजे ख्रिस्ती लोकांनीच लिहिलेल्या ‘पाखंडी’ पुस्तकांवर. एरियसची पुस्तकं कॉन्स्टंटाइनने जाळायला लावली. मार्सियनचा मुख्य ग्रंथ नाहीसा झाला. त्याची कल्पना येते ती त्याला झोडपणाऱ्या टर्टुलियन या ख्रिस्ती लेखकामुळे. १९४५ मध्ये इजिप्तच्या नाग हम्मादीजवळ एका रांजणात जी पुस्तकं सापडली त्यांत बहुतांश ख्रिस्ती पंथांचीच होती. घरच्या भाऊबंदाचा राग परक्याच्या रागापेक्षा कडू असतो, हे इथेही खरं ठरलं. आणि या खंडनाच्या उद्योगाने एक भलताच परिणाम साधला. सेल्ससने दुसऱ्या शतकात ख्रिस्ती धर्मावर कडाडून हल्ला करणारं पुस्तक लिहिलं होतं. मूळ पुस्तक गेलं. पण तिसऱ्या शतकाच्या मध्याला ओरिजेनने त्याचं खंडन करताना वाक्यामागून वाक्य उद्धृत केलं, त्यामुळे शत्रूचा मोठा भाग शत्रूच्याच पोटात शाबूत राहिला.

मग होमर का वाचला? ज्या धर्माच्या दृष्टीने झ्यूस आणि अपोलो म्हणजे भुतं, त्याच्या शाळेत त्यांच्या कथा कशा चालल्या? याचं उत्तर सहिष्णुता असं गोड शब्दांत देण्यात अर्थ नाही. या प्रश्नावर ख्रिस्ती विचारवंत दोनशे वर्षं आपसांत भांडले. टर्टुलियनने इ.स. २०० च्या सुमारास विचारलं होतं, अथेन्सचा आणि जेरुसलेमचा संबंधच काय? (हे विचारताना त्याची लॅटिन मात्र शहरी वकिलाची, अलंकारांनी मढलेली.) बायबलचं लॅटिन भाषांतर करणाऱ्या जेरोमला स्वप्न पडलं, न्यायासनापुढे उभं करून विचारलं, तू कोण? मी ख्रिस्ती, असं तो म्हणाल्यावर उत्तर आलं, खोटं, तू सिसेरोचा माणूस आहेस. फटके बसले, त्याने शपथ घेतली की पुन्हा ऐहिक ग्रंथांना शिवणार नाही. आणि नंतरच्या लिखाणात व्हर्जिल, होरेस, सिसेरो पुन्हा पानोपानी. रुफिनसने त्याला हे तोंडावर सुनावलं तेव्हा जेरोमचा बचाव काय, तर स्वप्नातल्या शपथा बंधनकारक नसतात. मला हा जेरोम फार आवडतो. सनातनी माणसाच्या मनातली चोरटी रसिकता त्याच्याइतकी उघडी कोणाचीच पडली नाही. बिशप ऑगस्टीनने व्हर्जिलच्या काव्यातल्या डायडो राणीसाठी रडल्याबद्दल स्वतःला दोष दिला, पण तोडगाही त्यानेच काढला. इजिप्त सोडताना इस्राएलच्या लोकांनी तिथलं सोनं-चांदी बरोबर नेलं; तसं परधर्मीयांच्या विद्येतलं जे उपयोगी ते न्यावं. बिशप बेसिलने तरुणांसाठी लिहिलेल्या प्रसिद्ध उपदेशात हीच वाट घालून दिली.

या भांडणाचा कस लागला तो ३६२ मध्ये. सम्राट ज्युलियन ख्रिस्ती घरात वाढून जुन्या देवांकडे परतलेला. त्याने हुकूम काढला की होमर आणि हेसिअडच्या देवांवर ज्यांचा विश्वास नाही त्यांनी हे कवी शिकवू नयेत. त्यांनी गॅलिलीकरांच्या, म्हणजे ख्रिस्ती लोकांच्या, चर्चमध्ये जाऊन मॅथ्यू आणि ल्यूक सांगावेत. तर्क वरवर बिनतोड आहे. जे मानत नाही ते शिकवणं हा अप्रामाणिकपणाच नाही का? आपल्याकडेही हा हुकूम काढावासा वाटणारे अधूनमधून भेटतात. पण परिणाम काय झाला? रोममध्ये मारियस व्हिक्टोरिनसला, अथेन्समध्ये प्रोएरेसियसला वर्ग सोडावे लागले. नाझियान्झसचा ग्रेगरी संतापून म्हणत राहिला की ग्रीक भाषा काही देवळांची मिरास नाही. ज्युलियनचा प्रशंसक असलेला, स्वतः जुन्या धर्माचा अमिएनस म्हणाला, हा हुकूम कायमच्या मौनात गाडून टाकावा असा आहे. होमर हा सगळ्यांचा कवी आहे, त्याच्या देवांना न मानणाऱ्यांचाही, हा आग्रह त्या वर्षी ख्रिस्ती लोकांनी धरला आणि होमरच्या भक्ताने त्याला विरोध केला. अभिजात साहित्य श्रद्धेपासून सुटं झालं ते या झटापटीत. सुटं झालं म्हणूनच पुढच्या हजार वर्षांत, झ्यूसचा एकही उपासक उरला नसताना, ते टिकलं.

याच हुकुमाला उत्तर म्हणून अपॉलिनॅरिस नावाच्या बापलेकांनी एक अचाट उद्योग केला. बापाने मोशेच्या ग्रंथांना होमरच्या वृत्तात बसवलं, मुलाने शुभवर्तमानांचे प्लेटोच्या धाटणीचे संवाद केले. ३६३ मध्ये ज्युलियन इराणच्या मोहिमेत मारला गेला, बंदी उठली आणि सगळे पुन्हा खऱ्या होमरकडे वळले. सॉक्रेटिस स्कोलास्टिकस लिहितो की अपॉलिनॅरिसांचं काम जणू कधी लिहिलंच गेलं नाही अशा अवस्थेला पोचलं.

मराठी वाचकाला इथे गोव्यात ‘ख्रिस्तपुराण’ लिहिणाऱ्या फादर थॉमस स्टीफन्सची आठवण होणारच. पण त्याची परिस्थिती या प्रसंगाच्या नेमकी उलटी आहे. गोव्यात जुन्या पुराणांवर बंदी घालणारे ख्रिस्ती राज्यकर्ते होते. ‘ख्रिस्तपुराणा’च्या आरंभी साष्टीतला एक बाटलेला ब्राह्मण पाद्रीला विचारतो, आमची जुनी पुराणं तुम्ही बंद केलीत, मग त्यांच्या जागी आम्हाला तसं दुसरं का देत नाही? आणि स्टीफन्स ओवीबद्ध, ज्ञानेश्वरी-एकनाथांच्या वळणाची मराठी लिहितो. अपॉलिनॅरिसांनी बंदीचा बळी म्हणून परक्याचा छंद उचलला, स्टीफन्सने बंदी घालणाऱ्यांच्या बाजूने. त्याच्या भाषाप्रेमावर भाळून ही दुसरी गोष्ट विसरणं हा आपल्याकडच्या कौतुकाचा नेहमीचा दोष आहे. तरी पुढचं नशीब पाहा. १६१६, १६४९ आणि १६५४ अशा या ग्रंथाच्या तीन आवृत्त्या छापल्या गेल्या, आणि त्यांतली एकही प्रत आज सापडलेली नाही. राज्य त्यांचं, छापखाना त्यांचा, ग्रंथ त्यांच्याच धर्माचा. ‘ख्रिस्तपुराण’ वाचलं ते गोव्यापासून मंगळूरपर्यंतच्या ख्रिस्ती लोकांनी हातांनी उतरवून वाचत राहिल्यामुळे. १९०७ ची मंगळूरची आवृत्ती अशा हस्तलिखितांवरच उभी आहे. दुसरीकडे पोर्तुगालमधल्या ब्रागाच्या ग्रंथालयात रोमन लिपीत उतरवलेल्या रामायण-महाभारताच्या कोकणी कथा आहेत. देवळं पाडणाऱ्या राजवटीतल्याच जेझुइट पाद्रींनी त्या ठेवल्या. त्यांना समोरच्याचा धर्म खोडून काढायला तो समजून घ्यायचा होता. हेतू असा, आणि कोकणी गद्याचा इतका जुना ठेवा मिळाला तो त्यातूनच.

आता नकलेचं अर्थकारण. पपायरस या लव्हाळ्यापासून केलेल्या कागदाची गुंडाळी इजिप्तच्या वाळूत टिकते, युरोपच्या दमट हवेत काही पिढ्यांत विरते. म्हणजे प्रत्येक ग्रंथाला पुन्हा पुन्हा उतरवणारा हवा. त्यात दोन अरुंद दारं आली. दुसऱ्या ते चौथ्या शतकात गुंडाळी जाऊन शिवलेलं पुस्तक आलं, आणि ९व्या शतकात कॉन्स्टँटिनोपलमध्ये जुनी सुटी मोठी अक्षरं जाऊन धावती लिपी आली. या प्रत्येक दारातून जे कोणी नेलं नाही ते मागे राहिलं. आणि नेणं फुकट नव्हतं. पुढे कैसरियाचा आर्चबिशप झालेल्या अरेथसने ८९५ मध्ये प्लेटोची प्रत करून घेतली, ती आज ऑक्सफर्डला आहे. तिच्यातच खर्च टिपलेला आहे: लेखनिकाला १३ सोन्याची नाणी, चर्मपत्राला ८. स्वर्गात नेणार नाही अशा पुस्तकासाठी एका धर्मगुरूने मोजलेले हे पैसे.

पैसे मर्यादित, कातडी मर्यादित, मग निवड कोण करणार? शाळा. सॉफोक्लीजने सुमारे १२० नाटकं लिहिली, उरली ७, कारण शिकवण्यासाठी निवडलेली तेवढीच. युरिपिडीजची १८ उरली. त्यांतली नऊ कोणाच्या निवडीने वाचलेली नाहीत. समग्र नाटकांच्या वर्णानुक्रमे लावलेल्या संचातला एप्सिलॉन ते कॅपा या ग्रीक अक्षरांपुरता तुकडा योगायोगाने तगला. अल्फाचा गठ्ठा हाती लागला असता तर आज आपण वेगळाच युरिपिडीज थोर मानला असता. मिनँडरचं उदाहरण मला याहून बोलकं वाटतं. त्याची विनोदी नाटकं प्राचीन जगात घरोघर माहीत होती; ‘कुसंगतीने चांगलं शील बिघडतं’ ही पौलाने करिंथकरांना लिहिलेली ओळ त्याचीच मानली जाते. म्हणजे नव्या करारात ज्याला जागा मिळाली तो नाटककार. त्याला कोणी जाळलं नाही, कोणी बंदी घातली नाही. बायझंटाइन पंतोजींना त्याची ग्रीक शुद्ध अथेन्सी वाटली नाही, म्हणून अभ्यासक्रमातून गळला आणि संपला. त्याचं एक जवळजवळ पूर्ण नाटक पपायरसवर मिळालं आणि १९५८ मध्ये छापून आलं. पाद्रीपेक्षा व्याकरणाचा मास्तर साहित्याला जास्त घातक ठरतो, असं म्हणायचा मोह मी आवरत नाही. उलट आगीने काय केलं? ७९ मध्ये व्हेसुव्हियसने हर्क्युलेनियममधल्या एका बंगल्यातल्या शेकडो गुंडाळ्यांचा कोळसा केला. तो कोळसा १८व्या शतकात सापडला आणि आता क्ष-किरण आणि संगणकाने त्यातली अक्षरं वाचली जात आहेत. त्या न जळत्या तर केव्हाच कुजल्या असत्या.

मग मठांचे गोडवे गाणारे बरोबर का? काही अंशी नक्कीच. रोमन कवी ल्युक्रीशियसचं काव्य देवभीतीच्या मुळावर उठलेलं. धर्म माणसाकडून केवढी दुष्कृत्यं करवून घेऊ शकतो, ही ओळ त्यातलीच. ते आपल्यापर्यंत पोचलं ९व्या शतकातल्या, ख्रिस्ती लेखनिकांनी नीट उतरवलेल्या हस्तलिखितांतून. टॅसिटसचा पहिल्या शतकाचा इतिहास दोन एकेकट्या प्रतींवर लटकून राहिला, एक कॉर्व्हायच्या मठातून आलेली, दुसरी मोंते कासिनोहून. हे श्रेय नाकारणं कोतेपणाचं आहे. पण रक्षणकर्ता म्हणवून घ्यायचं तर हिशेबाची दुसरी बाजूही त्यांनी वाचून दाखवावी. लिव्हीच्या रोमच्या इतिहासाच्या १४२ भागांपैकी ३५ उरले. आणि इटलीतल्या बोबिओच्या मठातलं ते एक हस्तलिखित आहे: खाली दोन रकान्यांत मोठ्या ठसठशीत अक्षरांत सिसेरोचा राज्यव्यवस्थेवरचा ग्रंथ, तो खरवडून त्यावर ७व्या शतकात लहान अक्षरांत ऑगस्टीनचं स्तोत्रांवरचं भाष्य. १८१९ मध्ये व्हॅटिकनमध्ये अँजेलो माईला खालची अक्षरं दिसली. लेखनिकाच्या मनात सिसेरोबद्दल वैर असण्याचं कारण नाही. त्याला कातडं हवं होतं. तरीही त्याच्यापुढे दोन ग्रंथ होते आणि त्याने एक खरवडला. याला रक्षण म्हणायचं की नाश? बोबिओने सिसेरो पुसला आणि बोबिओनेच तो जपला, दोन्ही एकाच पानावर.

सर्वांत कठोर आरोप मी ठेवतो तो ‘हॉर्टेन्सियस’चा. सिसेरोचं हे पुस्तक एकोणिसाव्या वर्षी वाचून आपलं आयुष्य ज्ञानाकडे वळलं, असं ऑगस्टीन स्वतः कबूल करतो. ऑगस्टीनच्या ग्रंथांच्या नकला युरोपभर शेकड्यांनी झाल्या. ज्या पुस्तकाने ऑगस्टीन घडला ते मात्र शेवटपर्यंत जपावंसं त्याच्या भक्तांना वाटलं नाही. आज त्याचे तुकडेच मिळतात, आणि त्यांतले काही ऑगस्टीनच्याच लिखाणातले. यात क्रौर्य नाही, कट नाही. सोनं वितळवून आपला दागिना केला आणि मूळ दागिना कशाला हवा, हा त्या इजिप्तच्या तोडग्याचा सरळ परिणाम आहे. उपयोगापुरतं घ्या म्हणणारी वृत्ती उदार असते, पण तिला मूळ ग्रंथाच्या अस्तित्वाची काळजी असेलच असं नाही. चर्चची खरी चूक इथे शोधावी लागते. आणि हवी तर १२०४ मध्येही, जेव्हा क्रूसावर शपथ घेतलेल्या सैन्याने कॉन्स्टँटिनोपल हे ख्रिस्ती शहर लुटलं. त्याआधी ९व्या शतकात तिथल्या फोटियस या धर्मप्रमुखाने आपण वाचलेल्या पावणेतीनशेच्या वर ग्रंथांची टिपणं लिहून ठेवली होती. त्यांतले निम्म्याच्या आसपास आज कुठेच नाहीत.

‘आम्ही वाचवलं’ म्हणणाऱ्यांनी आणि ‘तुम्ही जाळलं’ म्हणणाऱ्यांनी हुनैन इब्न इसहाकचं एक टिपण वाचावं. ९व्या शतकातला हा नेस्टोरियन ख्रिस्ती वैद्य बगदादमध्ये मुस्लिम खलिफांच्या आश्रयाने प्राचीन बिगरख्रिस्ती ग्रीक वैद्य गॅलनचं भाषांतर करत होता. गॅलनचा सिद्धतेच्या रीतीवरचा १५ भागांचा ग्रंथ त्याला हवा होता. त्यासाठी तो इराक, सीरिया, पॅलेस्टाईन आणि इजिप्त पालथे घालून अलेक्झांड्रियापर्यंत गेला. हाती लागला तो दमास्कसला, निम्म्याच्या आसपास, तोही भाग सलग नव्हेत आणि पूर्णही नव्हेत. मिळालं तेवढं त्याने उतरवून घेतलं. पुढे तेही हरवलं, ग्रीक मूळही आणि अरबी भाषांतरही, आणि ते कोणी जाळल्याची नोंद कुठेही नाही.